कोंबड्याच्या तुऱ्याचा डोंगर

कोरियाला ट्रेनिंगला गेलेल्या आम्हा चौघांत बाई मी एकटीच होते. रांजणगावच्या एमआयडीसीतली आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. नवी लाइन बसवायच्या आधी तिकडच्या मूळ कारखान्यात सहा आठवडे राहून शिकून यायचं, असं ठरलं होतं. क्वालिटीतून मी, प्रॉडक्शनमधले दोघं तरुण आणि मेंटेनन्समधले एक वयस्कर फिटर. फिटर शिरूरचे, मुसलमान, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. कंपनीत सगळे त्यांना चाचा म्हणत. माझं आजोळ शिरूरचं, त्यामुळं मी पहिल्या दिवसापासून त्यांना मामा म्हणत आले. निघताना पुण्याच्या बसपाशी माझ्या वडिलांनी त्यांचा हात हातात घेतला आणि लेकीकडं लक्ष ठेवा म्हणाले. मामांनी ते फार मनावर घेतलं. कँटीनमध्ये माझं ताट वाढून झाल्याशिवाय ते स्वतःचं ताट उचलत नसत.

आमचं हॉस्टेल गावाबाहेर होतं आणि चौथ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा. लांबलचक, वर दातेरी. आमच्या दुभाषी बाईंनी सांगितलं की त्याच्या नावाचा अर्थ कोंबड्याचा तुरा डोक्यावर असलेला ड्रॅगन असा होतो, आणि तो डोंगर त्यांच्याकडं फार पवित्र मानतात. पायथ्याला एक मोठं देऊळ आहे, वर दोन जुने दगडी स्तूप आहेत, आणि डोंगराचा म्हणून वेगळा एक देव आहे.

एका संध्याकाळी वडिलांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी मोबाइल खिडकीकडं वळवला. वडील बराच वेळ बघत राहिले.

"कवाच्यान ऱ्हाती तिथं?" त्यांनी विचारलं.

"चार आठवडे झाले, आबा."

"चार आठवडं डोंगराच्या पायथ्याला ऱ्हायची आन् मालकाला भेटली न्हाईस व्हय? ह्ये बरं दिसत न्हाई पोरी."

वडिलांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस लागायच्या आत परत यायचे. मुक्काम पडला की जवळच्या टेकडीवर कुठला देव आहे ते आधी विचारायचे, वर जाऊन चिमूटभर भंडारा लावायचे आणि मग चूल पेटायची. देव कुणाचा, त्याचं नाव काय, ह्या चौकशीत ते कधी पडले नाहीत. मी सात वर्षांची झाले तेव्हा शाळेसाठी त्यांनी मला शिरूरला आजोळी ठेवलं, त्यामुळं घोड्यावरच्या ओझ्यात बसून केलेले दोन-तीन घाट तेवढे मला आठवतात. पुढं मेंढरं गेली, केडगावच्या अलीकडं आमच्या शेताला कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता एरवीचं चालणं म्हणजे काठी घेऊन बांधापर्यंत, एवढंच. माझी बॅग भरताना त्यांनी भंडाऱ्याची एक कागदी पुडी आत टाकली होती आणि कशाला म्हणून मी विचारलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात माझी पहिली परीक्षा झाली होती. वेल्डिंग केलेले तीस भाग समोर ठेवले होते आणि त्यातले खराब ओळखून काढायचे होते. चार खराब मी चांगले म्हणून सोडले. तिथला सुपरवायझर अबोल माणूस होता. त्यानं माझ्या कागदावर लाल शाईनं रेघ ओढली, पुढच्या सोमवारी परत, एवढं दुभाषीकडून कळवलं आणि निघून गेला. लाइनवरच्या सगळ्यांदेखत झालं ते. त्या रात्री मी रडले नाही, पण मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. सोमवारी पास व्हायचं आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, डोंगर चढून यायचं. दोन्हींचा एकमेकींशी संबंध काय, असं बरोबरच्या तरुणांनी विचारलं. ते रविवारी शहरातल्या मॉलमध्ये चालले होते. खोलीत बसून पुस्तक बघत राहिले असते तर मनातली लाल रेघ आणखी जाड झाली असती, एवढं मला कळत होतं.

मामा म्हणाले, "एकटी न्हाई जायाचं. मी येतो."

चढ आहे, पायऱ्या आहेत, असं मी सांगून पाहिलं. चालायला मला काय झालंय, म्हणाले, आणि विषय संपला.

दुभाषी बाईंनी एका कागदावर बसचा नंबर आणि उतरायच्या स्टॉपचं नाव त्यांच्या लिपीत लिहून दिलं. मागच्या बाजूला हॉस्टेलचा पत्ता. आम्ही ड्रायव्हरला कागद दाखवत दाखवत साडेनवाच्या सुमाराला पायथ्याशी उतरलो. नोव्हेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लाल आणि पिवळी झालेली, घरांच्या वळचणीला सोललेली केशरी फळं दोऱ्यांना टांगून वाळत घातलेली. आम्ही सोडून सगळ्यांच्या अंगावर डोंगरात जायचे खास कपडे होते. टोप्या, हातमोजे, दोन्ही हातांत काठ्या. मी पंजाबी ड्रेसवर कंपनीचं जाकीट घातलं होतं आणि मामांनी कानटोपी.

पायथ्याचं देऊळ ओढ्याकाठी होतं. ते भिक्षुणींचं होतं. राखाडी कपड्यांतल्या, डोकं भादरलेल्या बायका अंगण झाडत होत्या, लाकडं उचलत होत्या. काही अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. केडगावला मिशनच्या आवारात लहानपणी मी अशा एकत्र राहणाऱ्या, एकमेकींना धरून जगणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. सगळं वेगळं असूनही झाडणाऱ्या बायकांच्या पाठी मला तशाच वाटल्या आणि मनावरचं दडपण कमी झालं.

मामा दाराशी थांबले. "तू तुझं कर. मी चपला राखतो," म्हणाले आणि पायरीवर बसले. मी मोठ्या बुद्धाला नमस्कार केला आणि मागच्या बाजूला डोंगराच्या देवाची छोटी खोली होती तिथं गेले. आत चित्र होतं. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा झाडाखाली बसलेला आणि त्याच्या अंगाला टेकून वाघ. म्हाताऱ्याचे डोळे शांत होते आणि वाघाचे जरा खट्याळ. मला एकदम बरं वाटलं. जनावर जवळ घेऊन बसलेला म्हातारा हा देव आहे, हे आमच्या घरात कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं. भंडाऱ्याची पुडी मी काढली होती, पण खोली इतकी स्वच्छ होती, रंगीत चित्र इतकं जपलेलं होतं, की तिथं पिवळं करायचं धाडस झालं नाही. वर जाऊन लावू म्हणून पुडी परत खिशात ठेवली.

चढ लगेच सुरू झाला. वाट दगडी पायऱ्यांची होती, पण कुठली पायरी वीतभर तर कुठली गुडघ्याएवढी. मामा माझ्या मागं होते. पहिला अर्धा तास ते बोलत होते, घोडनदीच्या बाजारातल्या गोष्टी, जुन्या मशिनींच्या गोष्टी. मग बोलणं थांबलं. मी वळून बघितलं की ते झाडाला हात लावून वर बघत असायचे, जणू पानंच बघायला थांबलेत. मला वाटलं, वय आहे, दम लागला असेल.

साडेअकराला आम्ही त्या दोन स्तुपांपाशी पोचलो. एक थोडा उंच, एक थोडा बुटका, शेजारी शेजारी उभे. तिथं बाकावर बसलेल्या एका बाईनं मोबाइलवर भाषांतर करून आम्हाला गोष्ट वाचायला दिली. एका साधूनं वाघाच्या घशात अडकलेलं हाड काढलं. वाघानं उपकार फेडायचे म्हणून एक मुलगी उचलून त्याच्यापुढं आणून ठेवली. साधूनं तिला परत पाठवायला पाहिलं, ती जाईना. शेवटी दोघं भाऊबहीण म्हणून तिथंच राहिले आणि दोघांच्या नावानं हे दोन स्तूप झाले. मामांनी गोष्ट दोनदा वाचली. वाघानं त्या पोरीला विचारलं होतं का, असं ते म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

स्तुपांच्या बाजूला छोटा मठ होता. राखाडी जाकीट घातलेली एक म्हातारी बाई पडवीतून हात हलवून आम्हाला बोलवत होती, आपल्याकडं बोलवतात तसाच, तळवा खाली करून. आत जेवण चाललं होतं. येईल त्याला वाढत होते. मोठ्या वाडग्यात भात, त्यावर चार-पाच प्रकारच्या पालेभाज्या, मुळा, मशरूम आणि लाल चटणी.

इथं मामांचं सांगायला हवं. कारखान्याच्या कँटीनमध्ये जवळपास प्रत्येक पदार्थात डुकराचं नाहीतर गाईचं मांस असायचं, नसेल तर रस्सा तरी त्याचा असायचा. मी घरी मटण खाणारी, पण तिथं समोर काय आलंय ते कळायचं नाही म्हणून सोडून द्यायची. मामांनी चार आठवडे भात, उकडलेली अंडी आणि लेकीनं बांधून दिलेली लसणाची चटणी एवढ्यावर काढले होते. त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. त्यांनी मला मोबाइलवर प्रश्न लिहायला सांगितला, ह्यात मांस आहे का म्हणून. म्हातारीनं तो वाचला, मठाकडं बोट दाखवलं आणि जोरजोरानं मान हलवली. इथं कधीच नाही.

मामा जेवले. खाली मान घालून, आणि वाडगा पुढं करून परत एकदा घेतलं. तिकडं ताटात काही टाकायचं नसतं आणि आपलं भांडं आपण धुवायचं असतं. दोघांचे वाडगे त्यांनी धुतले. मग झऱ्याच्या पाण्यानं हातपाय धुतले, मोबाइलवर दिशा बघितली आणि मठाच्या मागं खडकाआड जाकीट पसरून नमाज पढायला उभे राहिले. एक भिक्षू खराटा घेऊन त्या बाजूला चालला होता. त्यानं मामांना बघितलं, खराटा भिंतीला टेकवला आणि ते उठेपर्यंत पायरीवर बसून राहिला. मग उठून झाडायला लागला. दोघांनी एकमेकांकडं बघून मान लववली.

शिखर तिथून तासाभरावर होतं. मामा म्हणाले, जेवण जास्त झालंय, तू जा, मी स्तुपांपाशी बसतो. बसताना त्यांनी एक पाय सरळ ठेवला होता. मी बघितलं, पण ते का, हे विचारलं नाही. पुढं जायची घाई होती मला.

पुढची वाट खडकातून होती आणि मग लोखंडी जिना लागला. कड्याला बोल्ट मारून लावलेला, उभा, लांब. पायऱ्या जाळीच्या. पहिल्या पाच पायऱ्या मी चढले आणि जाळीतून खाली बघितलं. खाली काहीच नव्हतं, फार खोल झाडांचे लाल शेंडे होते. माझे हात कठड्याला चिकटले. आजोळी असताना, नऊ वर्षांची, मी विहिरीच्या पायरीवरून घसरले होते आणि मोटारीचा पाइप धरून लोंबकळत राहिले होते. किती वेळ ते आठवत नाही. तेव्हापासून पायाखाली पोकळी दिसली की माझं अंग गार पडतं. कारखान्यातल्या माळ्यावर जायचं टाळता यावं म्हणून मी क्वालिटीत बदली मागून घेतली होती, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसले. मागून लोक येत होते आणि मला वळसा घालून जात होते. बसल्या बसल्या मी स्वतःला सांगितलं की परत फिरायचं असेल तर फिर, पण मग आबांना खोटं सांगायचं नाही. जिन्यापर्यंत गेले आणि भ्याले, असं सांगायचं. ते सांगण्यापेक्षा चढणं सोपं वाटलं. पण पाय उचलेना.

एक बाई थांबली. साठीची असावी, तोंड रुमालानं झाकलेलं, डोक्यावर मोठी टोपी. ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. तिनं माझ्या डोळ्यांकडं बोट दाखवलं, जाळीकडं दाखवून बोट हलवलं, मग वाकून स्वतःच्या टाचेवर थाप मारली. तिचे बूट लालभडक होते. ती माझ्या पुढं जाऊन उभी राहिली आणि वाट बघू लागली.

मी उठले. तिची टाच सोडून कुठंही बघायचं नाही असं ठरवलं. उजवी टाच उचलली की मी उजवा पाय उचलायचा, डावी उचलली की डावा. ती मुद्दाम सावकाश चढत होती. मधे एकदा वारा आला आणि जिना थरथरला तेव्हा ती थांबली, मीही थांबले. वारा गेल्यावर तिनं टाच दोनदा आपटली आणि परत निघाली. जिना संपला तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती. तिनं ती एकेक करून कठड्यावरून सोडवली, खिशातून काकडी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

शिखरावर वारा होता आणि पुष्कळ लोक. कोंबड्याचा तुरा म्हणतात ती दातेरी कड आता माझ्या डाव्या हाताला लांबपर्यंत गेलेली दिसत होती. खाली भात कापून झालेली शेतं होती आणि त्यांच्या पलीकडं निळ्या पत्र्यांचे कारखाने, त्यातला आमचा कुठला ते ओळखू येत नव्हतं. मी नावाच्या दगडाच्या मागं गेले, जिथं कुणी फोटो काढत नव्हतं. एका खडकाच्या खोबणीत चिमूटभर भंडारा लावला आणि आबांच्या वतीनं भेटायला आलेय, असं मनात म्हटलं. मग माझ्या वतीनं काय मागावं ते सुचेना, म्हणून काही मागितलं नाही.

लाल बुटांची बाई बघत होती. तिनं तळहात पुढं केला. मी थोडा भंडारा तिच्या हातावर ठेवला. तिनं वास घेतला, विचार केला आणि म्हणाली, "करी." आम्ही दोघी खूप हसलो.

उतरताना तिनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. जिन्याकडं तोंड करून, पाठमोरं उतरायचं, म्हणजे डोळ्यांपुढं फक्त पायरी राहते. ती वरच राहिली आणि मी तशी उतरले. शेवटच्या पायरीवरून वळले आणि समोर खडकाला टेकून मामा बसलेले होते. एक पाय लांब केलेला, तोंड राखेसारखं.

अर्धा तास स्तुपांपाशी थांबून ते माझ्या मागं निघाले होते. पोरीला एकटी पाठवली हे बरं केलं नाही, असं वाटायला लागलं म्हणाले. जिन्यापर्यंत आले आणि गुडघ्यानं दगा दिला. मी पँट वर करायला सांगितली. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता आणि बाजूला टाक्यांचा लांब व्रण होता. तीन वर्षांपूर्वी कोरेगाव भीमाजवळ हायवेला त्यांची मोटरसायकल घसरली होती, तेव्हा आत पट्टी आणि स्क्रू बसवले होते. परदेशी जायच्या मेडिकलच्या फॉर्मवर त्यांनी ते लिहिलंच नव्हतं.

एक वयस्कर कोरियन गृहस्थ आमच्याशेजारी थांबले होते. त्यांनी मोबाइलवर तीन आकडे काढून दाखवले आणि हातानं हेलिकॉप्टरची खूण केली. मामांनी त्यांचा हात धरला.

"नको. कंपनीला कळंल. परत धाडतील मला."

"मग धाडू द्या," मी म्हणाले. मला राग आला होता. "पाय मोठा का ट्रेनिंग?"

मामा हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्सं ह्या मशिनी उघडतोय पोरी. जिथं बनत्यात ती जागा एकदा बगायची व्हती. दोन वर्सांनी कोन पाठवतंय मला?"

पावणेतीन झाले होते. साडेपाचला अंधार पडायचा. मी हिशेब केला आणि त्यांना दोन अटी सांगितल्या. एक, आपण आपल्या पायांनी उतरायचं, पण साडेतीनपर्यंत स्तूप आले नाहीत तर तो नंबर मी स्वतः फिरवणार. दुसरी, उद्या सकाळी सुपरवायझरला गुडघ्याचं तुम्ही स्वतः सांगायचं. पहिलीला ते लगेच हो म्हणाले. दुसरी ऐकून वर केलेली पँट खाली ओढायला लागले. मी खाली बसले आणि म्हटलं, तुम्ही सांगतो म्हणेपर्यंत मी इथून हलत नाही.

"सांगतो," ते शेवटी म्हणाले.

माझ्या ओढणीनं मी गुडघा घट्ट बांधला. त्या गृहस्थांनी त्यांची एक काठी मामांच्या हातात दिली आणि आम्ही नको म्हणेपर्यंत निघूनही गेले. उंच पायऱ्या आल्या की मामांना मी पाठमोरं करायचे आणि त्यांच्या खालच्या पायरीवर उभी राहून त्यांची टाच हातात धरून जागेवर ठेवायचे. डावा. आता उजवा. थांबा. आता डावा. ऐंशी किलोचा माणूस, घसरला असता तर माझ्यासकट गेला असता. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. वाटेवरचे लोक बाजूला होऊन उभे राहत होते. मघाशी जिन्यावर मला पाय उचलवत नव्हता. आता माझ्याखालीही उतार होता, पण टाच नीट ठेवायच्या नादात मला खाली बघायची आठवणच झाली नाही.

तीन वीसला स्तूप दिसले. मामांनी माझ्याकडं घड्याळ वळवून दाखवलं, तेवढं एकदाच ते हसले.

खालचा टप्पा दोन तासांचा झाला. प्रत्येक बाकावर बसत, पाणी पीत, परत उठत आम्ही उतरलो. देवळापाशी आलो तेव्हा दिवस मावळत होता आणि भिक्षुणी मोठी घंटा वाजवत होत्या. एक ठोका, मग बराच वेळ शांतता, मग दुसरा. मामा ओढ्याच्या कठड्यावर बसून घंटा संपेपर्यंत ऐकत राहिले. साडेसहाच्या बसनं आम्ही हॉस्टेलला आलो.

वडिलांना फोन केला. भेटले मालकाला, म्हटलं, आणि चित्रातल्या वाघाचं सांगितलं. वाघ जवळ बसतो म्हंजी तिकडं मेंढरं नसतील, असं त्यांनी अनुमान काढलं. मग मामांना फोन द्यायला सांगितला. दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही, मामा नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते.

सोमवारी सात वाजता, लाइन सुरू व्हायच्या आधी, मामा लंगडत सुपरवायझरपुढं जाऊन उभे राहिले. मी आणि दुभाषी बाई बाजूला होतो. त्यांनी सगळं सांगितलं, अपघात, पट्टी, फॉर्मवर न लिहिलेलं. त्यांच्या हातात टोपी होती आणि ती ते चुरगाळत होते. सुपरवायझरनं पूर्ण ऐकून घेतलं, गुडघा दाखवायला सांगितला, बघितला आणि निघून गेला. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "बॅग भरतो."

दहा मिनिटांनी सुपरवायझर परत आला. त्याच्याबरोबर दवाखान्याची नर्स होती आणि त्याच्या स्वतःच्या हातात एक उंच स्टूल होतं. दुभाषींनी सांगितलं की फॉर्म खोटा भरल्याबद्दल लेखी माफी द्यावी लागेल आणि ती फाइलला लागेल. पंधरा दिवस उभं राहायचं किंवा जिने चढायचं काम नाही. त्याऐवजी कंट्रोल पॅनलच्या वायरिंगपाशी बसून शिकायचं. मामांनी माफी मराठीतून लिहिली, स्वच्छ अक्षरात, आणि दुभाषींनी खाली भाषांतर जोडलं.

नऊ वाजता माझ्यापुढं तीस भाग मांडले. मी घाई केली नाही. एकेक उचलला, उजेडाकडं धरला, पूर्ण फिरवून बघितला आणि मगच खाली ठेवला. एका तुकड्याबद्दल माझी खात्री होत नव्हती. तो मी तीनदा उचलला आणि खराबाकडं ठेवला. सुपरवायझरनं कागद तपासला, काळ्या शाईनं सही केली आणि पुढच्या कामाकडं वळला. तो तीनदा उचललेला तुकडा चांगला निघाला. बाकी सगळे बरोबर होते.

रांजणगावला नवी लाइन बसली त्याला आता वर्ष झालं. मी तिथं बायकांची पहिली तुकडी शिकवते. वेल्डिंग तपासायचं माळ्यावरचं स्टेशनही माझ्याकडं आहे. तिथं लोखंडी जिन्यानंच जावं लागतं आणि मी जाते. भीती गेलेली नाही, कठडा मी अजूनही घट्ट धरते.

मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला झालं आणि तीन महिन्यांनी ते कामावर आले. त्यानंतर एका सकाळी लाइन अचानक बंद पडली. कंट्रोल पॅनल उघडून कुणाला काही उमगेना. साहेब कोरियाला फोन लावायच्या बेतात होते. मामांनी कँटीनमधून खुर्ची मागवली, पॅनलपुढं बसले, चष्मा पुसला आणि एकेक वायर बोटानं धरून शोधत राहिले. मी त्यांना चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. दुपारी दोनला लाइन सुरू झाली.